गिटारमधली घूं

पप्पांनी बोलणं बंद केलं, त्या दिवसांत आमच्या घरातले बाकीचे आवाज मला पहिल्यांदा नीट ऐकू यायला लागले. परातीत पीठ मळताना आईच्या बांगड्या परातीच्या काठाला लागत. भाकरी थापताना तिचा हात आधी भराभर चालायचा आणि भाकरी मोठी होत गेली की संथ व्हायचा. मोरीतल्या पिंपात नळाची बारीक धार पडत राहायची. पलीकडे गायकवाडकाकूंच्या टीव्हीवर सकाळपासून कोणी ना कोणी रडत असायचं, आणि पत्र्यावर कावळे असे चालायचे की वाटावं, वर माणसं राहतात. हे सगळं आधीही होतंच. पण त्या सगळ्यावर पप्पांचा आवाज असायचा. आंघोळ करताना, दाढी करताना, कामावर जायच्या आधी बूट शोधताना ते गातच असायचे. शब्द नसले तर नुसती चाल. बूट सापडला की ताना यायच्या.

आम्ही घाटकोपरला टेकडीच्या पायथ्याशी, बैठ्या चाळीत राहायचो. पुढची खोली, मागची खोली, मागे हातभर मोकळी जागा आणि मग नाला. पप्पा औषधांच्या एका कारखान्यात फिटर होते. पण वस्तीत त्यांना फिटर म्हणून कोणी ओळखत नसे. त्यांची गाण्याची पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत चेंबूरपासून मुलुंडपर्यंत रोज कुठल्या ना कुठल्या मैदानात त्यांचा कार्यक्रम असायचा. एरवी नामकरण, लग्न, मयतानंतरचं पुण्यानुमोदन, विहाराचं उद्घाटन, कुठूनही बोलावणं आलं की पप्पा पांढरा सदरा घालून निघायचे. गाणी त्यांची स्वतःची. लिहायचे तेच आणि चाली लावायचे तेच. कराडजवळच्या गावाहून येताना त्यांनी बरोबर काय आणलं असेल तर तो आवाज. रुंद, थोडा खरबरीत, मैदानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत माइकशिवाय पोहोचणारा.

मी तेव्हा आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स करत होते आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवत होते. ह्यातलं एकही काम आमच्या चाळीतली दुसरी मुलगी करत नव्हती. गिटार चेंबूरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याने विकायला काढलेली होती. लाल रंगाची, कोपऱ्यांवर रंग उडालेली. पप्पाच मला घेऊन गेले होते. पार्टीतले पेटीवाले मामा वारले, त्यांच्या जागी कोणी मिळेना, तेव्हा पप्पा म्हणाले, "पेटीच पाहिजे असं कुठंय? सुजाता वाजवेल गिटार." पार्टीतल्या दोघातिघांनी तोंडं वाकडी केली. जयंतीच्या गाण्यांना गिटार आणि तीही पोरीच्या हातात. पहिल्या कार्यक्रमाला मी इतकी घाबरले होते की गिटारवरचं आवाजाचं बटण अर्ध्याच्या वर नेलंच नाही. ती सवय मग तशीच राहिली.

पप्पांचा घसा बसायला लागला तेव्हा सुरुवातीला आम्ही कोणीच मनावर घेतलं नाही. जयंतीचे कार्यक्रम झाले की दरवर्षीच बसायचा. ज्येष्ठमध, गरम पाणी, हळदीचं दूध, आठ-पंधरा दिवसांत ठीक. त्या वर्षी ठीक झालाच नाही. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की स्वरयंत्रावर गाठ आहे, काढावी लागेल. काढल्यावर आवाज राहील का, हे आईनेच विचारलं. बाई म्हणाल्या, "बोलण्यापुरता राहावा असा प्रयत्न करू. गाण्याचं मी सांगू शकत नाही." आणि तोवर शक्यतो बोलू नका, असंही बजावलं. पप्पांनी मान हलवली. बाहेर आल्यावर पायऱ्यांवर थांबून ते कुजबुजल्यासारखे म्हणाले, "मग त्याच्या आधी गाऊन घेतो."

आई तिथंच चिडली. "बाई काय बोलल्या ते ऐकलंत ना?"

"ऐकलं. म्हणून तर."

पप्पांच्या गाण्यांची एकही कॅसेट नव्हती. आता कोणाला खरं वाटणार नाही, पण तेव्हा ते नवलाचं नव्हतं. इतकी वर्षं माणूस मैदानं गाजवत होता आणि त्याचा आवाज कुठंही साठवलेला नव्हता. कोणीतरी समोरून टेपरेकॉर्डरवर धरलेलं एखादं गाणं असायचं, त्यात टाळ्या आणि लहान मुलांचं रडणं जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना आईने अट घातली. दिवसभर एक शब्द बोलायचा नाही. दुपारी एक गाणं. दुसऱ्यांदा म्हणायचं नाही. पप्पांना घेऊन जाऊन डॉक्टरीणबाईंनाही ती सांगून आली. त्या काही खूश झाल्या नाहीत, पण पप्पांकडे बघून म्हणाल्या, "दुखलं की थांबायचं." अशा रीतीने आमच्या घरात मौन सुरू झालं. पप्पांना पाणी हवं असलं की ते स्टीलच्या पेल्यावर नखाने वाजवायचे, चहा हवा असला की तोच पेला वेगळ्या ठेक्यात. आठवडाभरात आईला सगळे ठेके कळायला लागले. ती मऊ भात आणि मुगाचं पातळ वरण करायची, ठेच्याचं भांडं तिने वरच्या फळीवर मागे सारून ठेवलं होतं, आणि पप्पा जेवताना त्या फळीकडे बघत बसायचे.

रेकॉर्डिंगचं यंत्र रेमंडने आणलं. रेमंड खाडीपलीकडच्या मढचा, लग्नाच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा, एरवी तिथल्या बंगल्यांवर शूटिंग असलं की दिवे उचलायचं काम करायचा. एका लग्नात आमची ओळख झाली होती. त्याच्या ओळखीच्या कोणाकडे एक मशीन होतं, ज्यात साध्याच कॅसेटवर चार वेगवेगळे आवाज शेजारी शेजारी भरता यायचे. आज माझी भाची फोनवर ह्याच्या दसपट गोष्टी करते आणि आवाजातली खरखर बोटाने पुसून टाकते. ते बघताना मला कौतुक वाटतं आणि थोडा रागही येतो. तेव्हा ते मशीन आमच्यासाठी विमानासारखं होतं. रेमंडने ते टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन बोटीतून वर्सोव्याला आणि तिथून घाटकोपरला आणलं. आईने त्याच्या हातातून घेऊन ते आधी पलंगावर ठेवलं, मग ह्या पाहुण्याला पाणी दिलं.

पहिल्या दिवशी पप्पा आंघोळ करून, पांढरा सदरा घालून बसले. माइकचा स्टँड नव्हता, म्हणून आईने माइक हातरुमालात गुंडाळून त्यांच्या तोंडासमोर धरला. माझी गिटार छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आणि तिथून मशीनमध्ये. पप्पांनी डोळे मिटले आणि गायले. घसा बसलेला, तरी त्या बसलेल्या आवाजातही असं काही होतं की गाणं संपल्यावर रेमंड थोडा वेळ बटण दाबायचंच विसरला. मग त्याने कॅसेट मागे घेतली आणि आम्ही ऐकलं.

घूंऽऽऽ. आधी तेच ऐकू आलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका पट्टीत, भिंतीत गांधीलमाश्यांचं पोळं असावं तसं. माझी गिटार त्यातून कशीबशी डोकावत होती, आणि ज्या ठिकाणी पप्पा सूर अगदी हळू करत होते, तिथे ती घूं त्यांच्याही वर येत होती.

"वाट लागली," रेमंड हळूच म्हणाला.

पप्पांनी हाताने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "पप्पा, गिटारचा आवाज येतोय. उद्या नीट करते." त्यांनी हसून मान हलवली आणि सदरा काढून खुंटीला लावला.

दुसऱ्या दिवशी मी आवाजातला तीक्ष्णपणा पार कमी करून टाकला. घूं थोडी कमी झाली, पण गिटार गोणपाटात गुंडाळून वाजवल्यासारखी वाटायला लागली, आणि मधेच खर्र्, खट् असं काहीतरी फुटायला लागलं. तेही गाणं गेलं. त्या दिवशी गाऊन झाल्यावर पप्पा मागच्या खोलीत जाऊन खोकत राहिले. आई माइक हातात धरून तशीच बसली होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांचा गळा काय नळाचं पाणी आहे का, सोडलं की येत राहायला? आधी तुझं ते यंत्र गप्प कर. मग त्यांना बोलव."

तिचं बरोबर होतं. रेमंडलाही पटलं. तो म्हणाला, "सुजाता, राग नको मानू यार. गिटार सोडून दे ना. पेटीवाला शोधू कोणीतरी. अंकलचा आवाज आला म्हणजे झालं."

मी हो म्हणणारच होते. खरंच सांगते, मला त्यात अपमानही वाटला नाही, सुटल्यासारखंच वाटलं. पण पप्पा दारात उभे होते. त्यांनी पेला वाजवला नाही, हात केला नाही. आईची अट मोडून बोलले. "पेटीवर गायलोय आयुष्यभर. हे हिच्याबरोबर गायचंय." आणि आई काही बोलायच्या आत परत आत गेले.

मग मी शोधाला लागले. आयटीआयमध्ये आम्हाला एक सवय लावली होती, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ऐकायचं. मी गिटार जोडून, कानाला हेडफोन लावून बसायचे आणि आई घरातली एकेक गोष्ट बंद करायची. ट्यूबलाइट बंद केली, तर त्या घूंमधली कडकड गेली. म्हणजे एक चोर तो होता, ट्यूबचा चोक. पंखा बंद केला, तर रेग्युलेटरची सळसळ गेली. पंखा बंद म्हणजे पत्र्याखाली दुपारी काय हाल होतात ते पत्र्याखाली राहिलेल्यालाच ठाऊक. आई घाम पुसत म्हणायची, "आता काय बंद करू? श्वास?" मधल्या खर्र्-खट्‌चं कारण सोपं निघालं. गिटारमध्ये वायर खुपसायच्या जागी आतला जोड तुटून नुसता टेकलेला होता, मी हलले की तोही हलायचा. तो मी पलंगावर वर्तमानपत्र पसरून झाळून टाकला. घरात राळेचा वास पसरला आणि पप्पांनी नाक वर करून तो असा घेतला, जसा एखादा माणूस भज्यांचा घेईल. कारखान्याची आठवण आली असणार.

तरी मूळ घूं होतीच. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. तारांवर हात असला की ती दबायची, हात उचलला की वर यायची. म्हणजे माझं शरीर काहीतरी करत होतं जे भिंतीतल्या वायरने करायला हवं होतं. मी खोलीतला सॉकेट उघडला. तीन भोकं होती, पण वरच्या मोठ्या भोकामागे काहीच नव्हतं. वायरच नाही. चाळीत कोणाच्याच घरी नव्हती. जमिनीत जायला हवी ती वीज जायला वाटच नव्हती, म्हणून ती यंत्रातच घुमत बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरामागच्या हातभर जागेत खड्डा खणायला घेतला. लोखंडी पाइप पप्पांनी एका ओळखीच्या माणसाकडून आणवला होता. त्याच्याभोवती कोळसा आणि जाडं मीठ भरून पाणी घालायचं, असं आम्हाला शिकवलं होतं. मी मिठाची पिशवी फोडत होते, तेवढ्यात गायकवाडकाकू कपडे वाळत घालायला आल्या. आमच्या शेजारीण, विहारात महिला मंडळाच्या पुढारी.

"काय पुरतेस गं?"

"मीठ आणि कोळसा, काकू."

काकूंच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. "अगं ए कमल! बाहेर ये आधी. तुझी पोरगी घरामागं मीठ-कोळसा पुरतेय. नवऱ्याचं दुखणं आलं म्हणून हे असले प्रकार? आपण सोडलंय ना हे सगळं?"

आई पिठाच्या हातानेच बाहेर आली. तिने खड्ड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अहो, शिकलीये ती. विजेचं काहीतरी आहे."

"अर्थिंग आहे, काकू. वीज जमिनीत जायला."

काकूंनी खड्ड्यात वाकून बघितलं. "मग लिंबू-बिंबू काही नाही ना?"

"नाही हो."

"मग ठीक. मीठ कमी पडतंय तुला. थांब, माझ्याकडे आहे जाडं." आणि त्या खरंच डबा घेऊन आल्या. मीठ ओतता ओतता त्यांनी हे सगळं कशासाठी ते विचारून घेतलं. पप्पांच्या गाण्यासाठी, म्हटल्यावर त्यांनी डब्यातलं उरलेलं मीठही ओतलं. मग म्हणाल्या, "माझा टीव्ही लागतो का गं त्या तुझ्या यंत्राला?" मी म्हटलं, थोडा लागतो. "मग दुपारी बंद ठेवते. त्या बायांचं काय, उद्याही रडतीलच."

पाइपला वायर बांधून ती खिडकीतून आत घेतली आणि सॉकेटच्या त्या रिकाम्या भोकाला जोडली. हेडफोन लावला. घूं अर्ध्याहून कमी. मी ओरडलेच. पप्पांनी पेल्यावर लेझीमचा ठेका धरला.

उरलेल्या अर्ध्यातली बरीचशी माझीच होती, हे जरा उशिरा कळलं. रेमंडने एकदा सहज विचारलं, "तू गिटारचा आवाज एवढा कमी का ठेवते? आणि मग मशीनवर एवढा का वाढवते?" ती जुनी सवय. गिटारवर अर्धा, आणि तो भरून काढायला मशीनवर पूर्ण. म्हणजे सूर बारीक पाठवायचा आणि मग सुराबरोबर वाटेतली सगळी खरखर मोठी करायची. मी गिटारवरचं बटण पूर्ण फिरवलं आणि मशीनवरचं खाली आणलं. गिटार एकदम उघडली. जाड तारांवर तिला एक गोलाई होती, पातळ तारांवर झगझगीत धार. इतके महिने मी ती वाजवत होते आणि तिचा आवाज मला माहीत नव्हता. आज मागे वळून बघते तेव्हा वाटतं, त्या काळात माझं सगळंच तसं होतं. जे होतं ते अर्ध्यावर.

आता फक्त एक बारीक गुणगुण राहिली होती, आणि ती गिटार कुठल्या दिशेला तोंड करून आहे त्यावर कमी-जास्त व्हायची. दाराशेजारच्या मीटरपासून वायर भिंतीच्या कडेने आत येत होती. तिचाच तो प्रताप. मी स्टुलावर बसून घड्याळाच्या काट्यासारखी फिरत राहिले. दाराकडे तोंड केलं की गुणगुण. पलंगाकडे केलं की जास्त. मागच्या भिंतीकडे, भांड्यांच्या फळीसमोर तोंड केलं, आणि ती गेली. पूर्ण गेली. हेडफोनमध्ये इतकी शांतता झाली की मला वाटलं, वायर निघाली. मी एक तार छेडली. ती शेवटपर्यंत, विझेपर्यंत ऐकू आली.

पण त्या जागेवर बसलं की पप्पा माझ्या बरोबर पाठीमागे यायचे. आम्ही इतके महिने एकमेकांकडे बघून वाजवत-गात आलो होतो. ते कुठं थांबणार, कुठं ओळ परत घेणार, हे मला त्यांच्या भुवयांवरून कळायचं. आता समोर नुसते पेले आणि डबे. पप्पांनीच तोड काढली. ते पलंगाच्या कडेला पुढे सरकून बसले आणि त्यांनी पायाचा अंगठा माझ्या स्टुलाच्या पायाला लावला. अंगठ्याने ठेका दाबायचे, तो लाकडातून माझ्यापर्यंत यायचा. ओळ परत घ्यायची असली की दोनदा. शेवट असला की अंगठा काढून घ्यायचे.

तशी आम्ही गाणी भरली. दुपारी सगळं बंद. घामाने गिटार हातातून सटकायची. आई एका हाताने माइक धरायची आणि दुसऱ्या हाताने पदराने पप्पांचा गळा टिपायची. गाणं झालं की कोणी बोलायचं नाही. आई उठून पंखा लावायची, तो पहिला आवाज. मग गरम पाणी, मग ज्येष्ठमध. काही दिवस आवाज लागायचा, काही दिवस दोन ओळींतच चिरफळ्या व्हायच्या, मग त्या दिवशी गाणं नाही. रेमंड बोटीने येत राहिला. कधी त्याच्या आईने दिलेले तळलेले बोंबील आणायचा आणि पप्पांच्या नजरेसमोरून ते मागच्या खोलीत लपवायचा.

दवाखान्यात जायच्या आधीचं शेवटचं गाणं पप्पांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. रात्रीच्या शाळेत जाऊन अक्षरं शिकणाऱ्या एका बाईचं गाणं. पहिले अंतरे तिच्याबद्दल आहेत, तिचे हात, तिची पाटी, तिला हसणारे लोक. शेवटचा अंतरा तिच्या स्वतःच्या तोंडचा आहे, त्यात ती पहिल्यांदा आपलं नाव लिहून वाचून दाखवते. मैदानात ह्या अंतऱ्याला बायका उठून उभ्या राहायच्या. पप्पा तो फार वरच्या पट्टीत घ्यायचे.

त्या दुपारी त्यांचा आवाज बरा लागला होता. पहिले अंतरे झाले. मी फळीवरच्या डब्यांकडे बघत वाजवत होते, अंगठा ठेका देत होता. शेवटच्या अंतऱ्याआधी गिटारवर एक छोटा तुकडा आहे. तो मी वाजवला आणि पप्पांच्या सुराची वाट बघितली. सूर आला नाही. हवा आली नुसती. अंगठा स्टुलाला होता, पण दाबत नव्हता. मी तो तुकडा परत वाजवला. पुन्हा हवा, आणि घशात काहीतरी अडकल्याचा आवाज. वळून बघावं तर गिटारची दिशा बदलणार, घूं येणार, सगळं जाणार. मी तिसऱ्यांदा तो तुकडा वाजवला. माझे डोळे भरले होते, डबे दिसत नव्हते.

आणि मागून एक आवाज आला. बाईचा. जाडसर, न सजवलेला, पण सुरावर बरोबर पाय ठेवणारा. पहिला शब्द जरा दबकत, दुसरा नीट. मला कळेना की कोण गातंय. घरात दुसरी बाई नव्हती, तरी मला कळेना. मी तो आवाज ओव्या म्हणताना, बडबडताना, रागावताना ऐकला होता, असा कधी ऐकला नव्हता. तिने पट्टी उतरवली नाही. पप्पा जिथं घ्यायचे तिथंच घेतली. नाव सांगायची ओळ आली तेव्हा स्टुलाला परत ठेका लागला. जोरात. मग अंगठा निघाला आणि मी शेवटचा सूर वाजवून तार विझेपर्यंत हात तसाच ठेवला.

कोणी पंखा लावला नाही. मी वळले. आईच्या हातात माइक होता, तिच्या स्वतःच्या तोंडासमोर, आणि ती त्याच्याकडे असं बघत होती, जसं कोणी दुसऱ्याने तो तिथं आणून ठेवला असावा. पप्पांच्या गालांवर पाणी होतं आणि ते हसत होते. रेमंडने घसा खाकरून विचारलं, "अंकल, परत घ्यायचं?" पप्पांनी जोरात मान हलवून नाही म्हटलं. मग आईकडे वळून, मौन मोडून, जेवढा उरला होता तेवढ्या आवाजात म्हणाले, "तुला पाठ होतं?"

"भाकऱ्या थापताना बहिरी होते का मी?" आई म्हणाली, आणि उठून तिने पंखा लावला.

शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली, पप्पा राहिले, आणि पुढे कितीतरी वर्षं राहिले. आवाज मात्र कुजबुजीपुरता उरला, कोरड्या पानांवरून चालल्यासारखा. ती कॅसेट वस्तीत हातोहात फिरली, तिच्या प्रतींच्या प्रती निघाल्या, आणि शेवटचं गाणं कोणी म्हटलंय हे लोक येऊन विचारायला लागले. आई म्हणायची, "आहे कोणीतरी." मग एक दिवस गायकवाडकाकूंनीच महिला मंडळाच्या बैठकीत ठरवून टाकलं की जयंतीला आईने गायचं, आणि तिला सांगायला आल्या. आईने आठवडाभर नको नको केलं. नंतर एका संध्याकाळी मी घरी आले, तर पप्पा कुजबुजत एकेक ओळ सांगत होते आणि आई भाजी निवडत ती म्हणत होती.

पुढच्या जयंतीला आमच्याच मैदानात ती गायली. मी तिच्या शेजारी होते, गिटार पूर्ण आवाजात. पप्पा खाली, पहिल्या रांगेत, लाकडी खुर्चीवर. आयुष्यात पहिल्यांदा ते आपल्या गाण्यांच्या पुढे बसले होते, एरवी नेहमी मागे. शेवटच्या अंतऱ्याला बायका उठल्या, तेव्हा ते मागे वळून त्यांच्याकडे बघत राहिले. कार्यक्रम झाला, लोकांनी आईच्या हातात फुलं दिली, कोणी तिच्या पाया पडायला लागलं तेव्हा ती लाजून मागे सरली. गर्दी ओसरल्यावर पप्पा तिच्याजवळ आले. मला वाटलं, आता ते काहीतरी मोठं बोलतील.

"नावाची ओळ घाईत घेतलीस," ते कुजबुजले.

आईने फुलं माझ्या हातात दिली आणि पदर खोचला. "इतकी वर्षं मी खाली बसून ऐकलंय," ती म्हणाली. "तुम्हीही घाईतच घ्यायचात."